साधन निर्दोष

केक पुन्हा बसला होता.

काकूंनी ओव्हनचं दार उघडलं आणि आतला प्रकार बघून त्यांना रडू नाही आलं, शिवी आली. कडेने झकास फुगलेला, वरून सोनेरी आणि मधोमध वाटीएवढा खड्डा. सुरी खुपसून पाहिली तर ती ओल्या मिश्रणाने माखून बाहेर आली. संत्र्याचा केक होता, दुपारच्या आत कोपऱ्यावरच्या कॅफेत पोचायचा होता, आणि वाया गेलेला हा कितवा हे मोजणं काकूंनी मुद्दामच सोडून दिलं होतं. मोजलं की डोकं फिरायचं.

"बसला?" बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"नाही, उभा आहे! बसायला खुर्ची मागतोय!" काकू ओरडल्या.

बाहेरचा आवाज साहेबांचा. साहेब म्हणजे काकूंचा नवरा. वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर होते. भाजीवाल्याच्या काट्यापासून सोनाराच्या तराजूपर्यंत सगळ्या बाजाराची मापं त्यांनी उभ्या आयुष्यात तपासली. खोटी निघाली ती जप्त केली, खरी निघाली त्यांच्यावर शिक्का मारला, आणि कुणाच्या दुकानात चहाचा घोटही घेतला नाही. दुकानदार त्यांना साहेब म्हणत, त्यांचं ऐकून गल्ली म्हणायला लागली आणि गल्लीचं ऐकून काकू. फक्त काकूंच्या तोंडी त्या शब्दाला जरा तिखटाचा वास असे.

काकूंना मात्र झाडून सगळे काकूच म्हणत, त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. मुलगी लहान असताना तिच्या शाळेसाठी म्हणून त्यांनी पहिला केक केला. तो खाऊन कुणीतरी दुसरा मागितला. पुढे मुलगी शिकली, लग्न करून लांबच्या शहरात गेली, केक मात्र घरातच राहिले. गेली बरीच वर्षं कॅफेच्या काचेच्या पेटीत ‘काकूंचा केक’ अशी चिठ्ठी लावलेली असायची. साधा, संत्र्याचा नाहीतर अक्रोडाचा. वर क्रीम नाही, फुलं नाहीत, चेरीची टिकली नाही. साध्या केकला लपायला जागा नसते, असं काकू म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांची मान जरा ताठ व्हायची. ते एकच काम असं होतं की ज्यात त्यांना कुणी शिकवायला येत नसे.

ओव्हन जुनाच होता. बटण एकशे ऐंशीवर आणायचं, टिन आत सरकवायचा, दार लावायचं. काकूंना घड्याळ लागत नसे. गॅलरीत कपडे वाळत घालता घालता त्या मधेच थांबायच्या, नाक वर करायच्या आणि "झाला" म्हणत आत यायच्या. झालेला असायचा.

मग साहेब निवृत्त झाले.

पहिले काही दिवस त्यांनी पेपर वाचला, अगदी हरवले-सापडलेपर्यंत. नंतर पेपर पुरेना. मग त्यांनी घर तपासायला घेतलं. दूधवाल्याचं माप झालं, इस्त्रीवाल्याच्या कपड्यांचा हिशेब झाला, बाथरूममधल्या वजनकाट्यावर गॅसची टाकीसुद्धा चढून उतरली. शेवटी स्वारी स्वयंपाकघरात आली. आता स्वयंपाकघरात माणसाने काय करावं? जे येतं ते. साहेबांना तपासता येत होतं आणि पुसता येत होतं.

पुसणं हा त्यांच्या खात्याचा नियमच होता. कुठलंही साधन तपासण्याआधी धुऊन पुसून घ्यायचं, कारण पारड्याला चिकटलेला मळसुद्धा वजन दाखवतो. आणि तपासून झालं की पुन्हा एकदा पुसून ठेवायचं, कारण आपल्या बोटांचा डाग दुसऱ्याच्या मालावर राहता कामा नये. या नियमाने साहेबांनी आधी डबे पुसले, मग पंखा, मग ओव्हन. ओव्हनची बटणं वर्षानुवर्षं जागची हललेली नव्हती. साहेबांनी स्क्रूड्रायव्हर घालून ती उचकटली, सोड्याच्या गरम पाण्यात घातली, घासली आणि तळहाताने दाबून परत बसवली. खरं सांगायचं तर काकूंना तेव्हा बरं वाटलं होतं. त्या बटणांखालचा चिकटा त्यांना रोज दिसायचा आणि हात पोचायचा नाही. त्यांनी साहेबांचं कौतुकही केलं. साहेब खूश झाले आणि दर आठवड्याला बटणं धुवायला लागले.

आणि त्यानंतर काही दिवसांनी पहिला केक बसला.

पहिल्याला काकूंनी हसून सोडून दिलं. दुसऱ्याला बेकिंग पावडर बदलली. तिसरा बसला नाही, करपला. काकूंनी अंडी बदलली, मैद्याचं दुकान बदललं, लोणी बदललं. चौथा फक्कड झाला आणि काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला, तर पाचवा असा कच्चा निघाला की उलटा करताना खालचा अर्धा भाग ताटलीत आणि वरचा अर्धा टिनमध्ये. सारखा एकाच बाजूने चुकत असता तर माणूस काहीतरी इलाज करतो. हा कधी इकडे चुकायचा, कधी तिकडे. काकूंच्या नाकालाही काही कळेना. वास यायचा, त्या धावत जायच्या, तर केक एकतर कधीच होऊन गेलेला असायचा किंवा अजून डुलत असायचा.

कॅफेवाली चांगली पोरगी होती. तिच्या आईच्या वेळेपासून काकू केक देत होत्या, त्यामुळे सुरुवातीला ती काही बोलली नाही. खड्ड्यात संत्र्याच्या फोडी भरून तिने एक केक विकलासुद्धा. पण एके दिवशी तिने काकूंना गल्ल्यामागच्या स्टुलावर बसवलं.

"काकू, नदीपलीकडे दुसरं दुकान काढतेय. जागा झाली, रंगकाम चालू आहे. तिथेही तुमचाच केक ठेवायचा माझ्या मनात आहे."

"मग ठेव की."

"पण रोज एकसारखा लागेल काकू. एक दिवस खड्डा आणि एक दिवस टेकडी, असं नाही चालणार तिथे. तिथे मला कोण ओळखतं?" तिने काकूंच्या हातावर हात ठेवला. "तुमची तब्येत बरी आहे ना?"

तब्येत! काकूंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. केक बिघडला तर पावडर विचारावी, अंडी विचारावीत, ही थेट तब्येतीवर आली. पण घरी येताना जिन्यात मधेच त्या थांबल्या, कठड्याला धरून. पोरीचा राग नव्हता तो. पोरीने जे विचारलं तेच त्या स्वतःला पहाटेपासून विचारत होत्या. हात गेला की काय आपला?

घरी येऊन त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. तेच चुकलं.

"ओव्हन तपासला पाहिजे," साहेब म्हणाले. त्यांचे डोळे लकाकले. इतक्या महिन्यांत ते असे लकाकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते जुन्या ऑफिसात गेले आणि कुणाच्या तरी ओळखीने एक छोटा तबकडीचा थर्मामीटर घेऊन आले. ओव्हनच्या जाळीवर टांगायचा, आतली उष्णता दाखवणारा. निळ्या डबीत कापसात गुंडाळलेला. आधी त्यांनी पातेल्यात पाणी उकळून तो थर्मामीटरच तपासला. काटा बरोबर शंभरावर आला तशी त्यांनी मान डोलावली. मग ओव्हन धुतला, पुसला, बटणं धुतली, पुसली, बसवली. एकशे ऐंशीवर लावून ते समोर स्टूल टाकून बसले. मधे काकूंनी दार उघडायला हात घातला तर हातावर चापट बसली.

"स्थिर होऊ दे. घाईत घेतलेलं माप हे माप नसतं."

बऱ्याच वेळाने काचेतून वाकून बघून त्यांनी निकाल दिला. "एकशे साठ. वीसची तूट. तू आता दोनशेवर लावत जा."

काकूंना साहेबांना मिठी मारावीशी वाटली. म्हणजे हात शाबूत होता! वीस अंशांची चोरी ओव्हन करत होता! त्या आनंदात त्या लोणी आणायला खाली गेल्या, आणि वर साहेबांनी नियमाप्रमाणे सगळं पुन्हा धुऊन पुसून ठेवलं.

दोनशेवर केलेला केक वरून कोळसा झाला.

"असं कसं?" साहेब म्हणाले. त्यांनी पुन्हा सगळं धुतलं, पुन्हा तपासलं. "आता उलट! लावलं एकशे ऐंशी, आत दोनशे पाच. याचा थर्मोस्टॅट गेलाय."

मिस्त्री आला. त्याने थर्मोस्टॅट बदलला, साहेबांचाच थर्मामीटर आत टांगला, एकशे ऐंशीला एकशे ऐंशी दाखवलं आणि पैसे घेऊन गेला. त्याची काळी बोटं ओव्हनवर जिथे तिथे उमटली होती. काकू त्याला सोडायला दारापर्यंत गेल्या तेवढ्यात साहेबांनी ती पुसून काढली. बटणांवरचीसुद्धा.

संध्याकाळचा अक्रोडाचा केक कच्चा निघाला.

काकूंनी मिस्त्रीला फोन केला. तो वैतागला. "काकू, मी होतो तेव्हा बरोबर होता की नाही? तुमच्या डोळ्यांदेखत दाखवला. मी गेल्यावर बिघडतो त्याला मी काय करू? तुमच्या घरात बसून राहू?"

"अहो, मग तो थर्मामीटर आतच राहू द्या ना," काकू साहेबांना म्हणाल्या. "टांगलेला असला की मी त्याच्याकडे बघून बटण फिरवीन. बटण काय वाट्टेल ते सांगेना का."

साहेबांनी असं पाहिलं की जणू काकूंनी सोनाराचं वजन खलबत्त्यात वापरायला मागितलं. "प्रमाण माप रोजच्या वापरात नसतं. रोज तापवलं तर तेच बिघडेल. मग त्याला कशाने तपासायचं?" आणि निळी डबी कपाटात गेली. कुलूप लावलं नाही इतकंच.

काकूंनी हात टेकले. आयुष्यात त्यांनी साहेबांशी भांडण केलं ते पगारावरून नाही, सासरच्या माणसांवरून नाही, तर असल्याच गोष्टींवरून. या माणसाचं कधी काही चुकतच नाही. नियम असतो ना त्याच्याकडे! चुकणार कसं?

मग ती शेवटची तपासणी झाली. काकू कपडे घडी करत होत्या. साहेब स्वयंपाकघरातून आले, चष्मा काढला आणि ऑफिसात म्हणत असतील तशा आवाजात म्हणाले, "बरोबर एकशे ऐंशी. दोनदा पाहिलं. साधन निर्दोष आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ओव्हनमध्ये दोष नाही."

"मग कशात आहे?"

साहेब जरा घुटमळले. वाईट माणूस नव्हता तो. पण उभ्या आयुष्यात त्यांनी अहवाल अर्धा सोडला नव्हता. "साधन निर्दोष असेल तर मग... हाताळणी सदोष. दुसरं काही उरत नाही ना. अगं, वय होतं माणसाचं. त्यात लाज कसली? माझी नाही का नजर कमी झाली?"

हातातल्या टॉवेलची काकूंनी घडी घातली, मोडली, परत घातली. त्यांना एकदम थकल्यासारखं वाटलं. ओव्हन खोटा असता तर भांडता आलं असतं. मिस्त्री खोटा असता तरी भांडता आलं असतं. पण या घरात ज्याचा शब्द कधी खोटा निघाला नाही त्याने तपासून सांगितलं होतं, आणि तेही मायेने. त्यावर कुठे अपील करायचं?

त्या रात्री त्यांनी मुलीला फोन केला नाही. केला असता तर आवाजावरून तिला कळलं असतं.

सकाळचा तो बसलेला संत्र्याचा केक हा त्यानंतरचा. तो काकूंनी कचऱ्यात टाकला, हात धुतले, पुसले आणि कॅफेत फोन लावला. "नव्या दुकानाचं तू बघ बाई दुसरीकडे," त्या म्हणाल्या. "जुन्याचंही बघ. माझ्याच्याने आता होत नाही." पोरगी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवला. एवढं एक वाक्य बोलायला किती दिवस लागले होते त्यांना, आणि बोलून झाल्यावर स्वयंपाकघर तसंच होतं, ओटा तसाच, टिन तसेच. याचाच त्यांना जास्त संताप आला.

"ओव्हन देऊन टाका कुणाला तरी," त्यांनी साहेबांना सांगितलं.

"नक्की?"

"हो. मला तो डोळ्यांसमोर नको."

साहेबांनी थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं, पण वाईट वाटल्यावर काय करायचं हे त्यांना कधी जमलं नव्हतं. ते बादली घेऊन आले. "देतोय तर स्वच्छ करून देऊ," ते म्हणाले.

आजवर साहेब ओव्हन धुवायचे तेव्हा काकू तिथे नसायच्या. कधी खाली गेलेल्या असायच्या, कधी कॅफेत, कधी मुद्दाम दुसऱ्या खोलीत, कारण नवरा आपल्या ओट्यावर काय करतोय हे बघवत नसे. आज कुठे जायला कारणच नव्हतं. कॅफे नाही, लोणी नाही, काही नाही. त्या टेबलापाशी बसून राहिल्या आणि दुसरं बघायला काही नाही म्हणून साहेबांकडे बघत राहिल्या.

साहेबांनी जाळी धुतली, काच पुसली. मग तीनही बटणं उपसून बादलीत टाकली. ब्रशने घासली, सदऱ्याच्या बाहीने नाही तर धुतलेल्या मऊ फडक्याने कोरडी केली. पहिलं बटण बसवलं. दुसरं बसवलं. तिसरं, तापमानाचं, ओव्हनमधून बाहेर आलेल्या दांड्यावर ठेवून तळहाताने दाबलं. टक्.

"वाकडं बसलंय," काकू म्हणाल्या. नुसतंच म्हणाल्या. भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली तर म्हणतो तसं.

"कुठे?"

"ते शून्य बघा. ओव्हनवरच्या रेघेसमोर पाहिजे ना? बाजूला गेलंय."

"असू दे, पक्कं बसलंय." साहेबांनी ते हलवून दाखवलं. "हलत नाही बघ."

शून्याकडे काकूंनी इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. शून्य कोण बघतं? काकू बघायच्या ते एकशे ऐंशी. त्या बघत राहिल्या. मग उठल्या. साहेबांना कोपराने बाजूला सारून त्यांनी बटण ओढून काढलं आणि उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं. आतली प्लॅस्टिकची नळी, जी दांड्यावर घट्ट बसते, ती उभी चिरली होती. दांड्याची एक बाजू सपाट होती, नळीचीही एक बाजू सपाट असायला हवी होती, पण सोड्याच्या पाण्याने आणि घासण्याने ती झिजून गोल झाली होती. काकूंनी बटण जरा डावीकडे कलतं धरून दाबलं. टक्. पक्कं बसलं. काढलं. जरा उजवीकडे कलतं धरून दाबलं. टक्. तेही तितकंच पक्कं.

"थर्मामीटर आणा," त्या म्हणाल्या.

"अगं, पण..."

"आणा म्हणते ना!"

साहेबांनी निळी डबी आणली. दोघं ओव्हनसमोर दोन स्टुलं टाकून बसले. बटण डावीकडे कलतं बसवून काकूंनी एकशे ऐंशी लावलं. काटा चढत चढत दोनशेच्या पुढे जाऊन थांबला. ओव्हन निवू दिला. बटण उजवीकडे कलतं बसवलं, पुन्हा एकशे ऐंशी. काटा एकशे साठला अडकला. या वेळी कुणी कुणाला स्थिर होऊ दे म्हणून सांगितलं नाही. साहेब गुडघ्यांवर हात ठेवून काचेत बघत होते आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ओव्हनमुळे असेल.

"प्रत्येक वेळी काढायचात ना?" काकूंनी विचारलं.

"काय?"

"बटण हो! तपासायच्या आधी काढून धुवायचात ना?"

"हो. नियम आहे."

"आणि तपासून झाल्यावर?"

साहेबांनी बादलीतल्या फडक्याकडे पाहिलं.

"तपासून झाल्यावर, साहेब?"

"नंतरही," साहेब म्हणाले.

काकू उठून उभ्या राहिल्या. आता मात्र त्यांचा बांध फुटला. "म्हणजे तुम्ही तपासायचात एक ओव्हन आणि मी केक करायचे दुसऱ्याच ओव्हनवर! रोज नवा ओव्हन! मी अंडी बदलली, मैदा बदलला, त्या बिचाऱ्या मिस्त्रीला तोंड टाकून बोलले! रात्र रात्र माझे हात बघत बसले मी, थरथरतायत का म्हणून! आणि तुम्ही? तुम्ही फडकं घेऊन फिरत होतात! वय होतं माणसाचं म्हणे! माझं वय काढता? त्या बटणाचं वय काढायचं होतं!"

साहेबांनी बटण हातात घेतलं, चिरलेल्या नळीत करंगळीचं टोक घालून पाहिलं, दांड्यावर ठेवून पाहिलं. सोपी गोष्ट होती. एखाद्या वाण्याच्या काट्याचा खिळा असा सैल झालेला असता तर त्यांनी तो दुकानाच्या दारातून ओळखला असता. इथे त्यांनी काट्याला हात लावला, काटा हलला आणि मग त्यांनीच त्याच्यावर शिक्का मारला. त्यांचा चेहरा असा झाला की काकूंना तो बघवेना. पण बघवत नाही म्हणून त्यांचा राग काही कमी झाला नाही.

साहेब उठले आणि फोनपाशी गेले. नंबर त्यांना पाठ नव्हता, फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून बघून लावला. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी काकूंचा... मी साहेब बोलतोय," साहेब म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. "हिने सकाळी जे सांगितलं ते चुकीच्या माहितीवर सांगितलं. माहिती मी दिली होती. ओव्हनचं बटण सैल होतं, ते मी रोज काढून घालत होतो, आणि तपासणी करून मी सांगितलं की दोष हिच्या हातात आहे. हिच्या हातात काही दोष नाही. दोष माझ्या तपासणीत होता." पलीकडून पोरगी बोलत होती. साहेब ऐकत होते, मधे मधे "बरं" म्हणत होते. एकदा नुसतंच "अच्छा" म्हणाले आणि त्यांचे खांदे खाली आले.

फोन ठेवून ते तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"काय म्हणाली?"

"जुन्या दुकानाचं तुझ्याकडेच राहील म्हणाली. परवापासून पाठव." ते थांबले. "नव्या दुकानाचं तिने सकाळीच एका केकच्या कारखान्यात सांगून टाकलं. तुझा फोन आल्यावर लगेच. आता शब्द दिलाय म्हणाली."

"गेलं ना मग ते?"

"हो."

नदीपलीकडचं दुकान काकूंनी पाहिलंही नव्हतं. पण मनात त्यांनी त्याची काचेची पेटी लावून ठेवली होती, आत तीन केक, आणि ज्यांना काकू म्हणजे कोण हे ठाऊक नाही अशी माणसं ते मागून घेतायत. आता तिथे कारखान्याचा केक बसणार होता, रोज एकसारखा. त्यांना इतकं वाईट वाटलं की ओरडायलाही आवाज फुटेना. त्या आत गेल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

साहेब मागोमाग आले. काही सुचेना म्हणून त्यांनी खाली वाकून फडकं उचललं, मग कुणी पाहिलं तर काय म्हणून घाईघाईने परत बादलीत टाकलं. डबीतला कापूस काढून ठेवला. थर्मामीटर ओव्हनच्या जाळीवर नीट मधोमध अडकवला आणि दार लावून घेतलं. डबी कपाटात ठेवली नाही.

"तिला सगळं सांगितलंत," काकू म्हणाल्या.

"हो."

"माझा काही दोष नाही, तपासणी चुकली, सगळं."

"तू ऐकलंस ना."

"ऐकलं. तिला सांगताना ऐकलं."

साहेबांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते ओव्हनसमोर उभे होते, त्या काचेकडे बघत, दोन्ही हात लोंबकळत. पुढचे दोन शब्द त्यांनी बाजारात शंभर जणांकडून ऐकले होते, स्वतः कधी उच्चारले नव्हते.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"ओव्हनला नका सांगू," काकू म्हणाल्या.